गोमार काकाची जनावरं

तू फक्त ऐक हां मीके, मध्ये मध्ये ‘पण का, पण कसं’ करू नकोस, नाहीतर माझं सगळं मागंपुढं होतं. कॉफी ओत, ते वाफल इकडं सरकव, आणि ऐक. गावात सगळे काकाचीच बाजू सांगत फिरतायत, तुझ्या आईनंही तीच ऐकली असणार, की फीननं सख्ख्या काकाची चेरी मातीत घातली. आता माझी ऐक.

आमच्या घरामागची नाशपातीची बाग तुला माहितीय. आपण लहानपणी तिथं शिड्यांवरून उड्या मारायचो तीच. ती निम्मी पप्पाची आणि निम्मी काकाची. आजोबांनी मधोमध वाटून दिली होती. पण गोमार काकाला तेव्हा नाशपाती नको होती. नाशपाती म्हणजे म्हाताऱ्यांचं फळ म्हणायचा. त्यानं चरापलीकडं चेरी लावली, वर प्लास्टिकचं छप्पर, खाली गालिच्यासारखं कापलेलं गवत, ओळी अशा सरळ की बघून झोप यावी. आणि त्याची निम्मी नाशपाती पप्पाच करत आला. छाटणी पप्पाची, फवारणी पप्पाची, तोडणी आमची सगळ्यांची. शाळा संपल्यावर माझ्या वर्गातल्या पोरी लुवेनला विद्यापीठात गेल्या, मी नाही गेले, ते त्या बागेपायी. ती बाग पुढं मीच करणार होते. हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण आईनं मला छाटणीची नवी कात्री आणून दिली तेव्हाच ते ठरलं.

आता सायला. तू नाक मुरडू नकोस. नाशपातीवर एक बारीकशी उडी मारणारी माशी असते, तिची पिल्लं पानाच्या देठाशी चिकटून रस ओढत बसतात आणि मागून गोड पाणी सोडतात. चिकटा. तो गळतो पानावर, फळावर, तुझ्या केसात, मानेवर, शर्टात. संध्याकाळी कंगवा फिरवला की केस तुटून हातात येतात. आणि त्या चिकट्यावर मग काजळी चढते. फळ आतनं छान असतं, रसाळ, पण वरनं चुलीतून काढल्यासारखं काळं. लिलावघरातला माणूस हातसुद्धा लावत नाही, बुटाच्या टोकानं क्रेट बाजूला सारतो. बुटाच्या टोकानं, मीके. मागचे दोन उन्हाळे आम्ही हेच बघितलं. पप्पा फवारत सुटला होता. एक औषध झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, रोज तोंडाला फडकं बांधून ट्रॅक्टरवर. सायला हसत होती.

मग नवीन वर्षाचं जेवण. सगळे काकाच्या घरी, कारण मोठं टेबल त्याच्याकडंच, आणि ते मोठं आहे हे दर वर्षी सांगितल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. लुटगार्ड काकूनं ससा केला होता, मनुका घालून. काका सशाची तंगडी चोखत पप्पाला म्हणाला की ओडिल, तुझी ती काळी बाग बघून माझ्या गिऱ्हाइकांची भूक मरते. यंदाही फळ काळं निघालं तर माझा अर्धा मला परत दे, मी झाडं उपटून चेरी लावतो. आणि हात पुढं केला. आमच्याकडं कसं, गुरांच्या बाजारात तळहातावर तळहात आपटला की सौदा झाला, कागद नाही, साक्षीदार नाही. पप्पानं मान खाली घातलेलीच होती. त्यानं हात आपटला. मी म्हटलं, आणि पांढरं निघालं तर? म्हणजे स्वच्छ निघालं तर? काका माझ्याकडं न बघताच म्हणाला, तर तुम्हीच करत राहा, मला काय. आई ताटातल्या मनुका मोजत असल्यासारखी बसली होती.

तर पैज काय होती ते आता तुला कळलं. फळ स्वच्छ, तर बाग आमची. काळं, तर अर्धी बाग यंत्राखाली.

फुलं पडल्यावर सहकारी संस्थेकडून एक सल्लागारीण आली. पांढरे बूट घालून, चिखलात. तिनं काडीनं पान उलटं करून बघितलं आणि पप्पाला म्हणाली की तुम्ही फवारून फवारून सायला खाणारे सगळे मारलेत, सायला तेवढी ठेवलीत. कानकिडे कुठं आहेत तुमचे? कानकिडे म्हणजे ते गं, तपकिरी, चपटे, मागं चिमटा असलेले, फुलदाणी उचलली की खाली पळापळ करतात ते. झोपलेल्याच्या कानात शिरतात म्हणून माझी आजी कापूस घालून झोपायची. ते रात्री झाडावर चढतात आणि सायलाची अंडी-पिल्लं शेंगदाण्यासारखी खातात. आमच्या बागेत बघितलं तर एक नाही. सालीखाली नाही, दगडाखाली नाही. पप्पानं विषानं ते केव्हाच धुऊन काढले होते. आणि ते उडत नाहीत, चालत येतात, म्हणजे आपले आपण यायला वर्षं जाणार.

आणि कुठं होते माहितीय? चराच्या पलीकडं. काकाच्या चेरीत. तिथं त्यांचा सुळसुळाट. पण चेरीत कानकिडा म्हणजे शत्रू, कारण फळ मऊ झालं की तो देठाशी भोक पाडून आत बसतो, खातो आणि तिथंच घाण करतो. चरावर टाकलेली एक फळी ओलांडली की तोच किडा राखणदाराचा चोर होतो. काका त्यांच्यासाठी दर वर्षी झाडाच्या बुंध्याला नळीनळीच्या पुठ्ठ्याची गुंडाळी बांधतो. दिवसा ते लपायला आत शिरतात, सकाळी गुंडाळी काढायची आणि डब्यात जाळायची. तेही रस्त्याकडच्या दोन ओळींत तेवढं, जिथं गिऱ्हाईक बघतं. बाकीकडं कोण वाकतंय.

मी पप्पाला म्हटलं, तो जाळतोच, आपण मागू या.

आठवडा तसाच गेला. मग एका रविवारी, चर्चमधनं आल्यावर, कोट न काढताच निघाला. मी मागं. काकाच्या अंगणात त्याची दोन गिऱ्हाइकं उभी होती, ब्रुसेल्सची, उन्हाचे चष्मे लावलेली. काकानं आम्हाला आत घेतलं नाही. हा माझा भाऊ, त्यांना म्हणाला, नाशपातीवाला. पप्पानं टोपी हातात घेतली आणि अडखळत सांगितलं, कानकिडे हवेत. काकानं ते पुन्हा बोलायला लावलं. ऐकू आलं नाही म्हणाला. पप्पानं पुन्हा सांगितलं. त्या चष्मेवाल्यांपैकी बाई हसली, वाईट नाही हसली, पण हसली. काका म्हणाला, “आमच्या घराण्यात कुणी घोडे पाळले, कुणी गाई पाळल्या. हा किडे पाळणार.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांना चेरीची दारू ओतायला लागला. आम्ही तसेच उभे. पप्पा टोपीची कड बोटानं गोल गोल फिरवत होता, मला ती टोपी हिसकावून चरात फेकावीशी वाटली.

शेवटी काका हो म्हणाला. पण अट. पुठ्ठे आम्ही आणायचे, आम्ही बांधायचे, आणि दोन ओळी नाही, सगळ्या. प्रत्येक बुंधा. आणि रोज सकाळी काढायचे आणि नवे बांधायचे. एक किडा राहता कामा नये. फुकटचे मजूर मिळाले ना त्याला. त्याच्या डोळ्यांत मला तो हिशेब दिसला, आणि पप्पाला तो उपकार दिसला. पप्पाला कुणीही काहीही केलं की उपकारच दिसतो. पाऊस पडला तरी तो कुणाचे तरी आभार मानतो.

मग सुरू झालं. तू मला म्हणालीस ना की तेव्हा मी भेटतच नव्हते. कशी भेटणार? सकाळी दव असतानाच फळीवरून पलीकडं. गुडघ्यावर बसायचं, ओल्या गवतात, दोरी सोडायची, गुंडाळी दोन्ही टोकांना हातानं दाबून बादलीत घालायची, पुढचं झाड. दाबली नाही की आतनं ते भसाभस बाहेर पडतात, हातावरून बाहीत, बाहीतनं काखेत. चावत नाहीत गं, चिमटा काढतात, आणि घाबरले की एक वास सोडतात, जुन्या जखमेच्या औषधासारखा. तो वास माझ्या नखांत बसला. ब्रेडला नाशपातीचा पाक लावून खाल्ला तरी तोच वास. आईची पाठ धरली, ती वाकलेलीच चालायला लागली, एका झाडाकडनं दुसऱ्याकडं अशी गुडघ्यांवर सरकत. मग त्या बादल्या उचलून आमच्या बाजूला, आणि तिथं तेच उलटं. गुंडाळी नाशपातीच्या बुंध्याला बांधायची, अंधाराची बाजू बघून. तोवर ऊन वर आलेलं असायचं आणि आमच्या पानांवरनं चिकटा गळायला लागलेला असायचा, थेंब, थेंब, मानेवर.

आणि काका. काका छपराखाली खुर्ची टाकून बसायचा. कॉफी घेऊन. हे झाड राहिलं, फीन, ते झाड राहिलं, ओडिल, तिकडं एक पळाला. लुटगार्ड काकूनं तर नियम केला की गमबूट घालून तिच्या अंगणातून जायचं नाही, बूट काढून हातात घ्यायचे, मोज्यांवर चालायचं, कारण आम्ही किडे सांडतो. पप्पा मोज्यांवर चालत गेला. त्याचा अंगठा मोज्यातून बाहेर आलेला. ते घर आधी आजोबांचं, म्हणजे स्वतःच्या बापाच्या अंगणातनं. आणि तिच्यासमोर मान हलवून नमस्कार करत.

मला वाटायचं, थोबाडीत मारावी. काकूच्या नाही. पप्पाच्या.

पण ऐक, काम झालं. मी रोज एकाच फांदीची पानं उलटी करून बघायचे. आधी देठाशी पिवळट पिल्लं अशी खचाखच की देठ दिसायचा नाही. मग विरळ. मग कुठं कुठं. मग एके दिवशी मी पान चाटलं. हो, चाटलं, हसू नकोस. कोरडं होतं. गोड नव्हतं. मी पळत जाऊन आईला सांगितलं, तिनं हात पुसले, पान घेतलं आणि तिनंही चाटलं. आम्ही दोघी तिथं उभ्या, पानं चाटत. पप्पा म्हणाला, वेड्या झाल्यात. पण तोही हळूच एक तोडून गेला.

फळं सुपारीएवढी होती आणि हिरवीगार. बघितलंस ना, मी काय म्हणतेय ते? बाग वाचत होती.

आता काकाकडं काय झालं ते. त्याच्या चेरीच्या शेंड्यांना काळा मावा आला. थोडा दर वर्षी येतोच. पण यंदा शेंडे मुठीसारखे वळले, पानं आत गुंडाळली, आत काळी काळी चिकट मुंगळ्यासारखी रास, आणि खालच्या फळांवर चिकटा. कारण उघड आहे. तो मावा वसंतापासून कोण खात होतं? आमच्या बादलीत जे गेले ते. आधीच्या वर्षी तो दोनच ओळी झाडायचा म्हणून बाकीचे राहायचे आणि खायचे. यंदा फुकट मिळालं म्हणून त्यानं एक न् एक बुंधा आमच्याकडनं पुसून घेतला. खुर्चीत बसून.

आणि फवारता येईना. फळ पिवळ्यातनं लाल व्हायला लागलं होतं, त्यानंतर औषध मारलं तर लिलावघर माल तपासतं आणि परत पाठवतं. म्हणजे हात बांधलेले. काकू घरातून पाण्याचा पाइप घेऊन शेंडे धुवायला लागली, अ‍ॅप्रन घालून, दुपारभर. मावा धुतला जात नाही, फक्त ओला होतो. मी फळीच्या अलीकडं उभी राहून बघितलं. मजा वाटली. खोटं कशाला सांगू, खूप मजा वाटली.

ज्या दिवशी काका आला त्या दिवशी मी एकटी होते. पप्पा आणि आई टॉन्गेरेनला डॉक्टरकडं गेले होते, आईच्या पाठीसाठी, आणि तिथनं मावशीकडं. मी शिड्यांना तेल देत होते. काका फळी ओलांडून आला. त्याला तिच्यावरनं येताना मी कधीच बघितलं नव्हतं, तो नेहमी गाडीनं रस्त्यावरनं फिरून येतो, जणू फळी त्याच्या वजनाला कमी पडते. तोंड लाल, सदऱ्यावर चिकट्याचे डाग. डाग बघून मला फार बरं वाटलं.

नमस्कार नाही, काही नाही. “माझी जनावरं परत आण,” म्हणाला. “आजच्या आज. सगळी.”

मी म्हटलं, कुठली जनावरं.

म्हणाला, नखरे नकोत. माझ्या झाडावरची, माझ्या जमिनीवरची, मी वापरायला दिली होती. आता मला हवीत. माव्यावर सोडायचीत. आणि तुझा बाप काय म्हणेल ते मला माहितीय, तो हो म्हणेल, म्हणून त्याची वाट बघायची गरज नाही.

ते खरं होतं. पप्पा हो म्हणाला असता. टोपी काढून म्हणाला असता.

आता इथं नीट ऐक. मी बादली खाली ठेवली आणि त्याला सांगितलं. अगदी सरळ, आवाज न चढवता. “काका, फळं लाल होतायत. हे आता मावा खाऊन थांबणार नाहीत. फळात शिरतील.”

एवढंच म्हटलं. शब्द न् शब्द हाच.

त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या बुटांकडं, माझ्या नखांकडं, आणि मग हसला. “किड्यांची मास्तरीण,” म्हणाला. “मी चेरी लावली तेव्हा तुझ्या बापाला नाक पुसता येत नव्हतं. सहा वाजेपर्यंत बादल्या माझ्या अंगणात पाहिजेत. आणि बूट काढून ये.”

आणि वळला. फळीवरनं जाताना एकदा हात पसरले, तोल गेला म्हणून, मग सावरला.

मी काय केलं? मी बादल्या घेतल्या. सायला नव्हती त्या ओळींत गेले, जिथं आता कानकिडे नुसतेच बसून होते, पुरून उरले होते. प्रत्येक गुंडाळी जड. दाबली की आत खसखस वाजायचं. मी हात आखडता घेतला नाही. त्यानं सगळी म्हटलं होतं, म्हणून मी सगळी नेली, निदान जितकी एका माणसाला ओढता येतील तितकी. ढकलगाडीनं, खेपा करत. बूट काढले. मोज्यांवर गेले. लुटगार्ड काकू दारात उभी होती, मी म्हटलं, काकू, कुठं ठेवू? ती म्हणाली, झाडांवर बांध की, उचलून का आणल्यास? म्हणून मी बांधल्या. एकेका बुंध्याला, अंधाराची बाजू बघून. नीट बांधल्या. मी कधी काम वाईट केलेलं नाही, हे तू कुणालाही विचार.

पप्पा आला तेव्हा मी सांगितलं की काकाला किडे हवे होते, दिले. तो म्हणाला, बरं केलंस. त्याला बरं वाटलं, भावाला आपल्याकडनं काहीतरी लागलं याचं. त्या रात्री त्यानं बियर उघडली.

मावा गेला. हेही ऐकून ठेव, कारण गावात हे कुणी सांगत नाही. शेंडे साफ झाले. काका अंगणात उभा राहून सगळ्यांना सांगत होता की अनुभव लागतो, नुसती पुस्तकं वाचून होत नाही. मग ऊन पडलं, छपराखाली गरम झालं, चेरी एकदम पिकली, काळीभोर, अशी की आपल्यालाही मोह व्हावा. त्यानं आम्हाला तोडणीला बोलावलं. पप्पा गेला. आई गेली. मीही गेले, पॅकिंगच्या टेबलावर. मला दिसत होतं गं. घडात देठाशी सालीवर लहानसं भोक, भोवती काळा ठिपका. मी ते घड बाजूला काढत होते. काकू ते पुन्हा आत टाकत होती. देठ खाली कर, म्हणायची, वरनं दिसत नाही.

खरेदीवाला आला शुक्रवारी. मोठ्या दुकानांना माल देणारा, हातात रुमाल घेऊन फिरणारा माणूस. काकानं त्याला सगळ्यांत वरचा क्रेट उघडून दिला, हात मागं बांधून, छाती काढून. त्या माणसानं एक घड उचलला, उन्हात धरला, आणि देठांच्या मधनं एक कानकिडा बाहेर आला, त्याच्या बोटावरनं मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरला. त्यानं घड टाकला. मग दुसरा क्रेट उघडला. तिसरा. लपायला जागा सापडली की ते एकमेकांना चिकटून बसतात, आणि चेरीच्या घडात जागाच जागा. टेबलावर सगळीकडं पळायला लागले. लुटगार्ड काकूनं अ‍ॅप्रन डोक्यावर घेतला. कानांसाठी असेल.

तो माणूस फार सभ्य होता. रुमालानं हात पुसला आणि म्हणाला, रसाच्या कारखान्याला विचारून बघा. गाडी रिकामीच परत गेली.

काका ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल. तो टेबलाला धरून उभा राहिला, आणि मग वळून माझ्याकडं बोट केलं आणि पप्पाला म्हणाला, हिला माहीत होतं.

सगळे होते तिथं. तोडणीवाले, शेजारचे, काकूच्या भजनमंडळातल्या दोघी. पप्पानं माझ्याकडं बघितलं. तो मला बाजूला नाही घेऊन गेला. तिथंच विचारलं, सगळ्यांसमोर. तू त्याला सांगितलं होतंस?

हो, म्हटलं.

“किती वेळा?”

मी म्हटलं, “एकदा.”

आई म्हणाली, ओडिल, तिनं सांगितलं ना. त्यानं ऐकलंच नाही. पप्पा मला म्हणाला, “आणि मग बादल्या भरल्यास.” असं म्हणाला ना मीके, की मी काहीतरी घाणेरडं केलंय. ज्या माणसानं त्याला दोनदा बोलायला लावलं होतं, चष्मेवाल्यांसमोर, ज्याच्या अंगणात तो फाटक्या मोज्यांवर चालला, त्याच्यासाठी. माझ्याकडं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून बघितलं, आणि ते असं.

बाकी तुला दिसलंच असेल. आमची नाशपाती निघाली. तू बघायला हवी होतीस, बशीतल्यासारखी, एक डाग नाही. लिलावघरातल्या माणसानं वाकून हातात घेतली, बोटानं साल चोळून बघितली, पहिला दर्जा लावला. बाग आमची झाली. झालीच होती, शब्द तसाच दिला होता, सगळ्या टेबलासमोर. आणि त्याच संध्याकाळी पप्पा फळी ओलांडून गेला आणि काकाला त्याचा अर्धा परत देऊन आला. कुणी मागितला नव्हता. काकानंही नव्हता मागितला, एवढी लाज त्यालासुद्धा होती. पप्पा आपण होऊन गेला. आईला म्हणाला, माझ्या घरातनं त्याचं नुकसान झालं, मला झोप लागत नाही. झोप. त्याच्या झोपेसाठी माझी अर्धी बाग.

सोमवारी यंत्र आलं. झाडाला मुळासकट चिमट्यात धरतं, हलवतं आणि उचलतं. मुळांना माती लटकत असते आणि ती टपटप गळते. बुंध्यांवर आमचे पुठ्ठे होते अजून, काही ठिकाणी. काका उभा होता तिथं, कॉफी घेऊन. मी गेले नाही, आईनं सांगितलं. मी आता लुवेनच्या गाडीचं वेळापत्रक बघतेय, पण त्याचं तू कुणाला बोलू नकोस.

बघ, त्यानं विचारलं असतं, काय म्हणालीस, फीन, नीट सांग, तर मी सांगितलं असतं. बसून सांगितलं असतं. त्यानं विचारलंच नाही, मला मास्तरीण म्हणाला आणि बूट काढून यायला सांगितलं. तर आता तू मला खरं सांग, आणि कॉफीत बघून नाही, माझ्याकडं बघून सांग. तू असतीस, तर दुसऱ्यांदा सांगितलं असतंस?